‘चालेल’ म्हणजे नेमके काय

कवळीताई. वय एकावन्न पूर्ण; शिक्षण दंततंत्राच्या पदविकेपर्यंत; व्यवसाय कवळ्या बनवणे; वैवाहिक स्थिती विवाहित, आणि तीही अवघ्या दीड वर्षापासून. जन्माच्या दाखल्यावरचे त्यांचे भारदस्त नाव सरकारी कागदांखेरीज कोणी वापरीत नसे. ज्या बाईने उभ्या हयातीत शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना पुन्हा चावायला लावले, तिला दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखणार? दंतवैद्यांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना कवळीताईच म्हणत, आणि त्यांनाही ते नाव अंगचे झाले होते.

त्यांचे यजमान लाकडी सामानाला पॉलिश करणारे कारागीर. वयाने कवळीताईंहून थोडे मोठे, विधुर, आणि मायदेशातून या परक्या देशात कामाच्या परवान्यावर आलेले; कवळीताई मात्र इथे कायमच्या स्थायिक. त्या परवान्याची मुदत संपत आली होती व तो पुन्हा वाढणार नव्हता. राहायचे तर आता पत्नीच्या आधारावरच राहायचे, आणि त्यासाठी दोघांची मुलाखत व्हायची होती. मुलाखतीत अधिकाऱ्याने एकच गोष्ट ठरवायची असते: हे लग्न खरे, की कागदासाठी केलेले. खरे ठरले तर राहण्याची परवानगी. न ठरले तर मुदत संपताच यजमानांनी सामान बांधायचे.

मुलाखतीचे बोलावणे आले त्या दिवसापासून कवळीताईंच्या जिवाला घोर लागला. लग्न खरे होते याविषयी त्यांच्या बाजूने शंका नव्हती. दुसऱ्या बाजूचे मात्र त्यांनाही छातीठोकपणे सांगता आले नसते, आणि हे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते.

याचे कारण एक शब्द होता.

ज्या लॅबमध्ये कवळीताई काम करीत, तिथल्या मालकांनी एकदा जुनी कपाटे नव्याने पॉलिश करायला काढली. ते काम या कारागिरांकडे आले. लाकूड घासताना उडणारा भुसा शेजारच्या खोलीत जाऊन कवळीताईंच्या मेणावर बसू लागला. दात मेणात रोवून ठेवलेली कवळी, आणि तिच्यावर भुशाचा थर! कवळीताई तरातरा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अहो, ही कवळी कोणाच्या तरी तोंडात जायची आहे. तुमचं कपाट नाही चावणार तो माणूस!” कारागिरांनी मान वर करून पाहिले, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन खोल्यांमधल्या दारावर ओली चादर टांगलेली आढळली. ती दर तासा-दोन तासांनी पुन्हा ओली केली जात होती. कवळीताईंनी विचारले, “चहा घेणार का?” उत्तर आले, “चालेल.”

पुढे सगळे याच रीतीने झाले. बागेत फिरायला यायचे का? चालेल. भावाकडे जेवायला यायचे का? चालेल. शेवटी एका संध्याकाळी, एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर बसलेले असताना, कवळीताईंनीच सारा धीर गोळा करून विचारले, “आपण लग्न केलं तर?” कारागिरांनी हातातला कागदी पेला खाली ठेवला, समोरच्या रस्त्याकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “चालेल.”

कवळीताईंनी तेव्हा ते हसून घेतले. त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, तर मेहुण्याचे नावच ‘चालेलराव’ ठेवून टाकले. पण पुढे कधी कधी, एखाद्या कवळीचा चावा जुळत नसला आणि मन आधीच विटलेले असले, की तो शब्द त्यांच्या डोक्यात कुसळासारखा सलत राही. चहा चालतो, भेंडी चालते, जुनी छत्री चालते; बायकोही तशीच चालते की काय?

नवरा-बायको दादांच्याच घराच्या तळमजल्यावर राहत. वरच्या मजल्यावर दादा आणि वहिनी. ही व्यवस्था ठरली तेव्हाही यजमानांना विचारले होते, की विचारले असे सगळ्यांना वाटले होते, हे आता नक्की सांगता येणार नाही.

बोलावणे घेऊन दोघे प्रथम वकीलबाईंकडे गेले. वकीलबाई तरुण, पण शहाण्या होत्या. त्यांनी एकत्र काढलेले फोटो मागितले, तेव्हा असे आढळले की फोटो पुष्कळ आहेत, पण एकात कवळीताई आहेत तर दुसऱ्यात यजमान, कारण फोटो काढायला तिसरे कोणी नसे. दोघे एकत्र असलेला लग्नाखेरीजचा एकच फोटो निघाला. त्यात मधोमध वहिनी होत्या.

वकीलबाई म्हणाल्या, “हरकत नाही. फक्त एक करा. पाठ काही करू नका. आधी तुम्हाला वेगवेगळं बसवतील, तेच प्रश्न दोघांना विचारतील. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. जे झालं तेच सांगा. घोकून आलेली माणसं त्यांना लांबून ओळखू येतात.”

“कळलं,” कवळीताई म्हणाल्या.

“तुम्हाला कळलं?” वकीलबाईंनी यजमानांना विचारले.

“हो. चालेल.”

इथवर सगळे सरळ होते. पण घरी येऊन हा वृत्तान्त वर सांगितला, आणि वहिनींनी पदर खोचला. वहिनींची सारी नोकरी शाळेच्या कचेरीत गेलेली. समोरच्याला उभे करून प्रश्न विचारणे हा त्यांच्या हातचा मळ. त्या म्हणाल्या, “पाठ करू नका म्हणे! परीक्षेला कोणी न वाचता जातं का? त्या वकीलबाईंचं काय जातंय? उद्यापासून जेवणं झाली की दोघांनी वर यायचं.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला वहिनी ताठ बसल्या, समोर दोन खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि दादा सोफ्यावर प्रेक्षक म्हणून स्थानापन्न झाले.

“नाव?” वहिनींनी चष्म्यावरून पाहत विचारले.

“वहिनी, नाव तुम्हाला ठाऊक आहे,” यजमान म्हणाले.

“मी वहिनी नाही. मी अधिकारी आहे. नाव?”

“अधिकाऱ्यांच्या हातचा चहा मिळेल का?” दादांनी सोफ्यावरून विचारले.

“प्रेक्षकांनी तोंड बंद ठेवायचं. भावोजी, पत्नीच्या दात घासायच्या ब्रशचा रंग कोणता?”

यजमानांनी प्रामाणिकपणे डोळे मिटून आठवून पाहिले. “ओला असतो,” ते म्हणाले.

“ओला हा रंग झाला का हो?”

“त्या माझ्याआधी उठतात. मी जातो तेव्हा ओला असतो.”

“हिरवा!” कवळीताईंना राहवेना. “अहो, हिरवा आहे! दीड वर्षं तुमच्या आणि माझ्या ब्रशांचा एकाच पेल्यात संसार चाललाय, आणि तुम्हाला रंग माहीत नाही? लाकडाच्या दहा छटा अंधारात सांगाल!”

“लाकडाकडे बघायचे पैसे मिळतात,” दादा म्हणाले.

“पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपतं?” वहिनींनी कारवाई पुढे चालवली.

“मी भिंतीकडे,” यजमान म्हणाले.

“हे खिडकीकडे,” कवळीताई त्याच वेळी म्हणाल्या.

“भिंतीलाच खिडकी आहे,” यजमानांनी खुलासा केला.

“मग दोघांनी एक काहीतरी ठरवा! खिडकी म्हणा. भिंत प्रत्येकाच्या घरात असते. बरं, एकमेकांना काय म्हणता?”

“अहो,” कवळीताई म्हणाल्या.

“आणि भावोजी, तुम्ही ताईंना?”

यजमान जरा संकोचले. साऱ्या जगाची जी ताई, तिला नवऱ्याने काय म्हणावे, हा प्रश्न लग्नाच्या दिवशीच उभा राहिला होता आणि त्यांनी तो आपल्या पद्धतीने मिटवला होता. “मीही अहोच म्हणतो,” ते म्हणाले.

“म्हणून तर खाली कोणी ‘अहो’ म्हटलं की दोघंही वळून बघतात,” दादा म्हणाले, “आणि काम तिथंच राहतं.”

असे रोज चालले. पहिले दोन-तीन दिवस हसण्यात गेले. पुढे हसू मावळले, आणि घोकंपट्टी उरली. वहिनींनी जेवणाच्या वेळा ठरवून दिल्या, वाढदिवसाला काय आणले ते ठरवून दिले, इतकेच नव्हे तर रविवारी दुपारी दोघे काय करतात हेही ठरवले. दोघे खरोखर रविवारी दुपारी झोपत असत. ते वहिनींना शोभेसे वाटले नाही, म्हणून त्यांनी फिरायला जाणे बसवले. कवळीताईंना दिवसभर कामाच्या टेबलाशीही हीच उजळणी सुचू लागली. एका गृहस्थांच्या कवळीत त्यांनी वरच्या ओळीला एका छटेचे आणि खालच्या ओळीला दुसऱ्या छटेचे दात बसवून दिले. उभ्या नोकरीत पहिल्यांदाच काम परत आले. डॉक्टरांनी चिठ्ठीत काही लिहिले नव्हते, नुसते दोन्ही जबडे एकमेकांवर ठेवून पाठवले होते. कवळीताई त्या दिवशी घरी आल्या त्या धुमसतच.

आणि नेमका त्याच दिवशी वहिनींनी तो प्रश्न काढला.

“लग्नाचं कोणी कोणाला विचारलं?”

“मी,” कवळीताई म्हणाल्या.

“त्यावर भावोजी काय म्हणाले?”

 दादांना आवरेना. “काय म्हणणार! साऱ्या पंचक्रोशीला माहीत आहे. चालेल!”

वहिनींनी कपाळाला हात लावला. “हे असं तिथं सांगितलंत तर संपलंच. चालेल! ज्याला देशात राहायचंय तो बायकोला चालेल म्हणतो! म्हणजे बायको नको, परवाना हवा, असाच अर्थ निघणार की. नाही, हे बदलायला हवं. भावोजी, तुम्ही म्हणालात, ‘मला फार आनंद होईल, मीही हेच विचारणार होतो.’ काय? किती चांगलं वाटतं ऐकायला. ताई, तुम्हीही हेच सांगा. शब्द न् शब्द.”

कवळीताईंनी लगेच होकार दिला नाही. वकीलबाईंचे बोलणे त्यांना आठवत होते. पण दिवसभराचा वैताग अंगात होता, आणि खरे सांगायचे तर ते वाक्य त्यांना फार आवडले. कोणी तरी ते म्हणायला हवे होते. त्या वहिनींकडे पाहत म्हणाल्या, “ठीक आहे. असंच सांगू.”

“भावोजी?”

यजमान टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवीत होते. तिथले पॉलिश उडालेले होते. ते काही बोलले नाहीत.

“ठरलं तर,” वहिनी म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न घेतला.

खाली आल्यावर कवळीताईंचा बांध फुटला. “अहो, तुम्हाला इथं राहायचंय की नाही?”

“राहू की.”

“राहू की नव्हे! हवंय का? मी रोज वर जाऊन वहिनींच्या पुढ्यात पोरीसारखी उभी राहते. माझं काम परत आलं आज, माहीत आहे? आणि तुम्ही टेबलाचं पॉलिश बघत बसता. तुमच्या तोंडून एक धड वाक्य निघायला काय करावं लागतं, ते तरी सांगा.”

यजमानांनी त्यांच्याकडे पाहिले. “तुम्ही दमलात,” ते म्हणाले. “झोपा आता.”

कवळीताईंनी भिंतीकडे, म्हणजेच खिडकीकडे, तोंड करून झोपायचा यत्न केला; पण ती बाजू यजमानांची होती, म्हणून त्यांना तेही करता आले नाही.

मुलाखतीच्या दिवशी दोघे वेळेच्या पुष्कळ आधी कचेरीत पोचले. प्रतीक्षेच्या दालनात बिनहाताच्या खुर्च्यांच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेत जोडपी. कोणी ओठांनी पुटपुटत होते, तर कोणी नुसत्याच भिंती न्याहाळत होते. यजमानांना कचेरीची भाषा कामापुरतीच येत असल्यामुळे त्यांच्यासाठी दुभाष्या बोलावला होता. गृहस्थ नीटनेटके, टाय घातलेले. मराठी त्यांना येत होती, पण ती पुस्तकातून आलेली होती. त्यांनी यजमानांना विचारले, “आपण अर्जदार महोदय काय?” यजमानांनी मागे वळून पाहिले, मागे कोणी आहे की काय म्हणून.

आधी कवळीताईंना आत बोलावले. अधिकारी बाई मध्यम वयाच्या, आवाजाने शांत, आणि चेहऱ्यावर कसलाच भाव न दाखवणाऱ्या. ब्रशाच्या रंगाचा प्रश्न आलाच नाही. पलंगाचाही नाही. पतीचे काम कुठे, त्यांच्या घरी आधी कोण कोण होते, घरखर्च कसा चालतो, असे साधे प्रश्न आले. कवळीताईंना वाटले, हे तर काहीच नाही! मग अधिकारी बाईंनी विचारले, “लग्नाची गोष्ट कोणी काढली?”

“मी.”

“त्यांनी काय उत्तर दिलं?”

आणि कवळीताईंनी ते वाक्य म्हटले. शब्द न् शब्द म्हटले. इतके सराईतपणे, की अधिकारी बाईंनी लिहिता लिहिता एकदा मान वर केली.

मग यजमान दुभाष्यासह आत गेले आणि कवळीताई बाहेर बसल्या. त्यांच्या शेजारच्या बाई आपल्या नवऱ्याला हळूच विचारत होत्या, “मला साखर किती लागते?” कवळीताईंना त्या बाईंना काही सांगावेसे वाटले, काय ते त्यांना कळले नाही.

थोड्या वेळाने दार उघडले आणि दोघांना एकत्र बोलावणे आले.

अधिकारी बाई म्हणाल्या, “एका ठिकाणी तुमची उत्तरं जुळत नाहीत. लग्नाबद्दल तुम्ही विचारलंत, तेव्हा ते म्हणाले की त्यांना फार आनंद होईल, तेही हेच विचारणार होते, असं तुम्ही सांगितलंत. तुमचे पती सांगतात की ते म्हणाले, ‘मला त्यात काही अडचण नाही.’ ”

कवळीताई ताडकन म्हणाल्या, “असं नाही म्हणाले ते!”

“मग दुभाष्यांची चूक झाली?”

दुभाष्या महोदय दुखावले. ते कचेरीच्या भाषेत म्हणाले, “मूळ शब्द ‘चालेल’ असा होता. त्याचा अर्थ तोच होतो.”

“तोच होत नाही,” कवळीताई म्हणाल्या.

“मग काय होतो?” अधिकारी बाईंनी विचारले. “तुम्हाला दोन्ही भाषा येतात. तुम्हीच सांगा.”

 दीड वर्ष ज्या शब्दाचा अर्थ कवळीताई स्वतःला विचारीत होत्या, तोच आता सरकारने त्यांना विचारला होता, आणि त्यांना सांगता येत नव्हता. अखेर त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही.” लगेच पुढे म्हणाल्या, “आणि मी सांगितलेलं वाक्य खरं नाही. ते घरी ठरवलेलं आहे. आमच्या वहिनींनी सुचवलं. ते चालेलच म्हणाले होते.”

अधिकारी बाईंनी हे लिहून घेतले. मग त्या यजमानांकडे वळल्या आणि दुभाष्यामार्फत विचारले, “तुम्ही वापरलेल्या शब्दाचा अर्थ काय?”

यजमानांनी टेबलाच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला. मग सावकाश म्हणाले, “मॅडम, गिऱ्हाईक मला रंग दाखवतं. मला पटला नाही तर मी बोलत नाही. घासत राहतो. ते दुसरा दाखवतं, तिसरा दाखवतं. मग एखाद्या रंगाला मी चालेल म्हणतो. म्हटलं, की त्या लाकडाची जबाबदारी माझी.”

दुभाष्यांनी याचे जे भाषांतर केले, त्यात लाकूड होते, जबाबदारी होती. रंग गळून गेला होता. कवळीताईंनी तो जोडला.

“म्हणजे पसंत नसलेल्या गोष्टीला तुम्ही नाही म्हणत नाही?”

“गप्प बसतो.”

“घरी हे दुसरं उत्तर ठरवलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही,” यजमान म्हणाले.

हे ऐकताच कवळीताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण कुठे बसलो आहोत याचे भान सुटून त्या मराठीत म्हणाल्या, “अहो, मग तेव्हा तोंडानं सांगायला काय झालं होतं? नको म्हणायचं! एक शब्द! आज ही पाळी आली नसती!”

“तुम्ही विचारलं नाही.”

“विचारलं नाही? मी समोर बसले होते तुमच्या!”

“तुम्ही वहिनींकडे बघत होतात,” यजमान म्हणाले.

दुभाष्यांनी खाकरून विचारले, “हेही निवेदन करावयाचे काय?”

 अधिकारी बाईंनी कशाचीही वाट न पाहता आपले लिहिणे पुरे केले. हे ऐकून त्यांचे मन द्रवले असे मात्र काही दिसले नाही. त्या म्हणाल्या, “तुम्ही चूक स्वतःहून कबूल केलीत, ते नोंदवलं आहे. पण शपथेवर दिलेलं एक उत्तर खरं नव्हतं, हेही नोंदवावं लागेल. निर्णय पत्रानं कळेल.”

बसमधून घरी येताना दोघे शेजारी बसले होते. कवळीताई खिडकीबाहेर पाहत होत्या, पण डोक्यात दुसरेच चालले होते. हा माणूस कशाकशाला गप्प बसला होता, ते त्या आठवत होत्या. तळमजल्यावर राहायचे ठरले तेव्हा. दादांनी आपला अवजड जुना सोफा भेट म्हणून खाली उतरवला तेव्हा. रविवारचे जेवण वरच करायचे, असे वहिनींनी जाहीर केले तेव्हा. कवळीताईंना आपल्या धंद्यातले ते रोगी आठवले, जे तक्रार करीत नाहीत, पैसे देतात, आभार मानतात, आणि न बसणारी कवळी रुमालात गुंडाळून खिशात ठेवतात. अशा माणसांचा त्यांना नेहमी राग येई. बोलल्याशिवाय घासून कसे द्यायचे? तो राग आताही होता. लग्नाला होय म्हटल्याचा आनंद व्हायचा सोडून, उरलेल्या साऱ्या नकारांचा हिशेब आता आपल्यालाच लावावा लागणार, याचा त्यांना भयंकर वैताग आला होता.

“अजून कशाकशाला गप्प आहात?” त्यांनी खिडकीकडेच पाहत विचारले.

यजमान विचारात पडले. “सोफा,” ते म्हणाले.

घरी पोचताच जिन्यात वहिनी उभ्याच होत्या. “काय झालं?”

“एक उत्तर जुळलं नाही,” कवळीताई म्हणाल्या.

“कोणतं?”

“लग्नाचं विचारलं तेव्हाचं.”

वहिनींनी यजमानांकडे पाहिले आणि हात जोडले. “भावोजी, धन्य आहे तुमची! एवढं घटवून घेतलं, आणि ऐन वेळी तुम्ही आपलं तेच तुणतुणं लावलंत ना? पोराटोरांनाही पाठ झालं असतं हो!”

हे त्यांचे नव्हे, माझे चुकले, असे कवळीताईंनी त्याच वेळी सांगायला हवे होते. त्यांच्या ओठांपर्यंत ते आलेही होते. पण त्या दमल्या होत्या, वहिनींशी वाद घालायचे त्राण नव्हते, आणि यजमान गप्प होते. त्या किल्ली काढून आत गेल्या. दार लावल्यावर त्यांना उमगले की नवऱ्याचे ते गप्प राहणे म्हणजे नापसंतीच होती, आणि त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की त्यांनी पर्स त्या सोफ्यावर भिरकावली.

निर्णयाचे पत्र परवान्याची मुदत संपण्याच्या थोडे आधी आले. कायमची परवानगी दिलेली नव्हती. एका वर्षाची, सशर्त दिली होती. वर्षअखेर पुन्हा मुलाखत, आणि पहिल्या मुलाखतीतील विसंगतीचे लेखी स्पष्टीकरण सोबत जोडायचे. वकीलबाई म्हणाल्या, “थोडक्यात निभावलं. सांगितलं होतं तसं केलं असतंत, तर हे एक वर्षाचं लचांड मागं लागलं नसतं.” कवळीताईंनी मान खाली घालून ऐकून घेतले.

त्या वर्षात काही गोष्टी मिटल्या. सोफा दादांच्या एका मित्राकडे रवाना झाला, आणि दादा आठवडाभर फुगून बसले. रविवारचे जेवण महिन्यातून एकदाच वर होऊ लागले. घर बदलण्याचा विषय निघाला, तेव्हा यजमान “चालेल” म्हणाले, आणि कवळीताईंनी त्याच आठवड्यात जागा पाहायला सुरुवात केली. मनासारखी जागा अद्याप मिळालेली नाही. यजमानांचे बोलणे वाढले असे मुळीच नाही. कवळीताईंचा त्रागाही कमी झालेला नाही; फरक इतकाच, की काही विचारले की त्या आता त्यांच्या तोंडाकडे पाहत थांबतात, आणि उत्तर न आल्यास दुसरे काहीतरी सुचवतात. हे फार कष्टाचे काम आहे, असे त्यांनी लॅबमधल्या सहकारी बाईंना एकदा बोलून दाखवले.

दुसऱ्या मुलाखतीचे बोलावणे नुकतेच आले आहे. ते आल्याचे कळताच वहिनी खाली आल्या. मधल्या काळात त्यांचे आणि यजमानांचे बोलणे कामापुरतेच होते. तरी माणूस मायेचा, राहवले नाही.

“झालं गेलं विसरा,” त्या म्हणाल्या. “या खेपेला नीट तयारी करू. आजपासून बसायचं का?”

कवळीताईंनी यजमानांकडे पाहिले. ते एका खुर्चीचा पाय घासत होते, आणि घासतच राहिले.

“नको, वहिनी,” कवळीताई म्हणाल्या. “आणि मागच्या वेळी चुकीचं उत्तर मी दिलं होतं, यांनी नाही. ते तुमचं वाक्य. ते मी म्हटलं.”

वहिनी पाहतच राहिल्या. “म्हणजे माझ्यामुळे झालं म्हणायचंय का तुम्हाला?”

यावर कवळीताईंना पुष्कळ बोलता आले असते. वाक्य आपल्याला आवडले होते, ही गोष्ट तर सर्वांत आधी सांगायला हवी होती. पण ती अजून त्यांनी यजमानांनाही सांगितलेली नव्हती, आणि त्यांच्या आधी वहिनींना सांगणे त्यांना बरोबर वाटेना. त्या गप्प राहिल्या.

वहिनी तशाच वर निघून गेल्या. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. लेखी स्पष्टीकरणाचा मसुदा वकीलबाईंकडे गेला आहे. त्यात ‘चालेल’ या शब्दाचे भाषांतर न करता तो तसाच ठेवावा, असा कवळीताईंचा आग्रह आहे, आणि वकीलबाईंनी त्यावर अद्याप काही कळवलेले नाही.